काना दोनदा उमटतो, स्पेसबार एकाच बाजूने चालतो

पत्राचा गोषवारा

पूर्णवेळ अनुवादाचं काम करणाऱ्या एक वाचक लिहितात. लॅपटॉप घेऊन तीन वर्षंही झालेली नाहीत. पहिल्याच वर्षी काही बटणं बंद पडली, तेव्हा वॉरंटीत कीबोर्ड बदलून मिळाला. आता पुन्हा रडगाणं सुरू झालंय. इंग्रजी ‘ई’चं (E) बटण कधी दोनदा उमटतं, कधी उमटतच नाही. त्या मराठी इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-रचनेत टंकतात आणि तिथे याच बटणावर काना असतो, त्यामुळे सगळे काने घोटाळ्यात. स्पेसबार डावीकडे दाबला तर चालतो, उजवीकडे दाबला तर नाही. शिवाय महिन्याभरापासून एकमेकांपासून लांब असलेली चार बटणं एकदम मुकी होतात आणि थोड्या वेळाने आपणहून बोलू लागतात. सर्व्हिस सेंटर म्हणतं, कीबोर्ड सुटा येत नाही, वरचा अख्खा भाग बदलावा लागेल. खर्च नव्या लॅपटॉपच्या जवळजवळ निम्मा. त्या विचारतात: माझाच हात जड आहे का? एवढा खर्च करू की नवा घेऊ? आणि महागातला घेतला तर ही कटकट संपेल का?

उत्तर

तुम्ही ‘कीबोर्ड गेला’ असं म्हणता, सर्व्हिस सेंटरही तेच म्हणतंय. पण तुम्ही दिलेली लक्षणं एका बिघाडाची नाहीत, तीन वेगवेगळ्या बिघाडांची आहेत. त्यातला एक धुळीचा किंवा झिजेचा, एक स्पेसबारखालच्या तारेचा आणि तिसरा बहुधा कीबोर्डचा नाहीच. तिन्हींची मोट बांधली की उपाय एकच उरतो: सगळं बदला. म्हणून पैशांचा विचार करण्याआधी त्या तिघांना वेगळं करू.

त्याही आधी एक तपासणी, आणि ती आजच करा. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगतो का? टचपॅडची क्लिक पूर्वीपेक्षा कडक झाली आहे का, की क्लिकच होत नाही? झाकण मिटल्यावर कडेला फट राहते का? यातलं काहीही ‘हो’ असेल तर आतली बॅटरी फुगून कीबोर्डला खालून ढकलत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी चार्जिंग थांबवा, मशीन वापरू नका, बॅटरीला टोचू किंवा दाबू नका, आणि ती काढायचं काम जाणकाराकडे सोपवा. कीबोर्डचा प्रश्न त्यानंतरचा.

बॅटरी ठीक आहे असं धरून पुढे जाऊ.

सुरुवात त्या चार मुक्या बटणांपासून करतो, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा धागा तोच आहे आणि तुम्ही तो ओघात लिहून गेलात. कीबोर्डवर ऐंशीच्या आसपास बटणं असतात, पण प्रत्येकाला स्वतंत्र तार नसते. आडव्या-उभ्या रेषांची एक जाळी असते, साधारण ८ एका दिशेला आणि १६ दुसऱ्या दिशेला, आणि प्रत्येक बटण अशा दोन रेषांच्या छेदावर बसतं. जाळीतली एक रेष तुटली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात. ती बटणं शेजारी असतील असं मुळीच नाही, कारण जाळीची आखणी आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या ओळींप्रमाणे नसते. म्हणजे लांबलांबची चार बटणं एकाच क्षणी जातात आणि एकाच क्षणी परत येतात, तेव्हा चार बटणं बिघडलेली नसतात. एक रेष हलते आहे.

ही रेष दोन ठिकाणी दगा देऊ शकते. एक म्हणजे आतल्या प्लॅस्टिकच्या पातळ थरांवर, जिथे ओलाव्याने छापील धातू गंजतो. पण तसं झालं तर बटणं सहसा कायमची जातात, ये-जा करत नाहीत. दुसरं ठिकाण म्हणजे कीबोर्डची चपटी रिबन केबल मदरबोर्डवरच्या सॉकेटमध्ये शिरते ती जागा. तुमचा कीबोर्ड एकदा बदललेला आहे, म्हणजे ही केबल कुणीतरी काढून पुन्हा बसवलेली आहे. ती केसभर तिरकी राहिली किंवा सॉकेटची पट्टी नीट मिटली नाही, तरी सुरुवातीला सगळं चालतं. मग रोजच्या तापण्या-थंड होण्याने आणि हलण्याने संपर्क सुटू लागतो. उघडून पाहिल्याशिवाय हे पक्कं ठरत नाही, पण एक सोपी चाचणी आहे. ती चार बटणं बंद असतील तेव्हा मनगट टेकतो तो भाग हलकेच दाबून पाहा, झाकण उघड-मीट करून पाहा. फरक पडला तर संशयित केबलच.

या केबलच्या दुरुस्तीला एकही सुटा भाग लागत नाही. आधीचं काम ज्यांनी केलं त्यांना ‘कीबोर्ड बदला’ असं सांगू नका, ‘कीबोर्डची रिबन काढून, साफ करून पुन्हा बसवा आणि मग तपासा’ असं सांगा. त्या दुरुस्तीवर हमी शिल्लक आहे का, तेही विचारा. स्वतः करायचं धाडस असेल, वॉरंटी संपलेली असेल आणि तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल समोर असेल तर क्रम असा. मशीन पूर्ण बंद करा, चार्जर काढा, खालचे स्क्रू काढा. स्क्रू कागदावर झाकणाचं चित्र काढून त्या-त्या जागी ठेवा. त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात, आणि आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला की तो वरच्या बाजूला टेंगूळ आणतो किंवा बोर्डात घुसतो. झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा. मग रिबनच्या सॉकेटची छोटी पट्टी नखाने उचला. काही मॉडेल्समध्ये ती उचलायची नसते, पुढे सरकवायची असते. पट्टी न उघडता रिबन ओढली तर सॉकेट तुटतं, आणि मग खरोखरच बोर्डाचं काम निघतं. रिबनचं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सोडणाऱ्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, सरळ आत सारा, पट्टी मिटा. टोकावरची आडवी रेघ सॉकेटच्या कडेशी समांतर दिसली पाहिजे. काही मशीनमध्ये हे सॉकेट मदरबोर्डच्या खालच्या अंगाला असतं आणि अख्खा बोर्ड सोडवावा लागतो. तसं दिसलं तर झाकण परत लावा आणि काम जाणकाराला द्या.

आता स्पेसबार. लांब बटणांखाली एक बारीक धातूची तार असते. स्पेसबार कुठेही दाबला तरी तो सपाट खाली जावा, यासाठी ती असते. तिचं एक टोक खालच्या पत्र्यातल्या खाचेतून निसटलं की बटण एका बाजूला तिरकं होतं आणि मधला संपर्क होत नाही. तुमचं लक्षण तंतोतंत हेच आहे. स्पेसबार काढताना मात्र घाई नको. पातळ प्लॅस्टिकची पट्टी एका कोपऱ्यातून सरकवून थोडं-थोडं उचला, स्क्रूड्रायव्हर घालू नका. परत बसवताना आधी तारेची दोन्ही टोकं पत्र्याच्या खाचांत अडकवा आणि मगच बटण खालच्या कात्रीसारख्या क्लिपांवर दाबा. दोन्ही कडांना ‘टक्’ असा आवाज यायला हवा. क्लिप तुटली असेल तर सुटी क्लिप मिळते. पण एकाच कीबोर्डवर दोन-तीन प्रकारच्या क्लिपा असू शकतात, म्हणून मागवताना तुमच्या क्लिपचा आणि खालच्या पत्र्यावरच्या आकड्यांचा फोटो काढून जुळवून घ्या.

राहिला ‘ई’. इथेच तुमच्या ‘हात जड आहे का’चं उत्तरही आहे. इन्स्क्रिप्टमध्ये ‘ई’वर काना असतो, आणि मराठीचं कुठलंही पान उघडा, काना जागोजाग. इंग्रजीतही सर्वाधिक वापरलं जाणारं अक्षर तेच. तुम्ही दोन्ही भाषांत दिवसभर टंकता, म्हणजे या एका बटणावर तुमच्या कामाचा सर्वांत मोठा भार पडतो. बहुतेक लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये बटणाखाली रबराची छोटी टोपी आणि त्याखाली प्लॅस्टिकचे तीन थर असतात. बटण तळाला टेकलं की पुढचा जोर पत्र्यावर जातो, थरांना त्याचं फारसं काही नसतं. जोरात टंकल्याने बोटं दुखतील, शेजारचा वैतागेल, पण बटण मुख्यतः मरतं ते धुळीने, बोटांच्या तेलाने, ओलाव्याने आणि दाबण्यांच्या संख्येने. तेव्हा हा अपराध मनावरून उतरवा. अनुवादकाच्या मशीनमध्ये हे बटण आधी जाणार, हे ठरलेलंच.

दोनदा उमटणं हे बहुधा संपर्क धड न जुळण्याचं किंवा रबराची टोपी चिकटण्याचं लक्षण आहे. तरी आधी सॉफ्टवेअरला वगळा. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड जोडा. त्यावरही काना दोनदा आला तर दोष सेटिंगचा. विंडोजमध्ये उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिलं तर फिल्टर कीज (झटकन किंवा लागोपाठ दाबलेली बटणं दुर्लक्षिणारी सोय) सुरू करायची विचारणा येते. नजरचुकीने ‘हो’ म्हटलं गेलं की बटणं सुस्त झाल्यासारखी वाटतात आणि माणूस कीबोर्डला शिव्या देतो. बाहेरचा नीट चालला तर मात्र दोष आतल्या कीबोर्डचाच.

मग सफाई. मशीन बंद, चार्जर बाहेर. लॅपटॉप साधारण ७५ अंशांत तिरका धरा आणि दाबाच्या हवेच्या डब्याने लहान-लहान झोत द्या. डबा उभाच धरायचा. आडवा किंवा उलटा केला तर आतला द्रव बाहेर उडतो आणि गोठवतो. लॅपटॉप डाव्या-उजव्या कुशीवर वळवून पुन्हा झोत द्या. एवढ्याने भागलं नाही तर ‘ई’ची टोपी वर सांगितल्याप्रमाणे उचला आणि ९० टक्के किंवा अधिक तीव्रतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन-तीन थेंब कापसाच्या काडीवर घेऊन रबराच्या टोपीभोवती पुसा. द्रव थेट ओतू नका, तो थरांमध्ये आणि खालच्या प्रकाशाच्या पत्र्यात शिरतो. अर्धा तास वाळू द्या. हेअर ड्रायर नको, क्लिपा वितळतात. महिनाभर बरं चाललं तर घाण होती असं समजा. दोन दिवसांत पुन्हा तेच झालं तर आतला थर झिजला आहे, आणि तो साफ होत नाही.

तुमच्याकडे काही सांडलेलं नाही, पण ज्यांच्याकडे हीच लक्षणं पेय सांडल्यानंतर सुरू झाली त्यांच्यासाठी थोडं. घात पाणी एकटं करत नाही. ओलाव्यातून वाहणारी वीज धातूला खाते. म्हणून सांडल्या क्षणी पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा, चार्जर उपटा, लॅपटॉप तंबूसारखा उलटा उभा करा आणि शक्य तितक्या लवकर बॅटरीचं कनेक्टर सोडवून घ्या. तांदळात ठेवण्याचा काही उपयोग नाही. आणि ‘चालतंय का बघू’ म्हणून दर तासाला सुरू करणं म्हणजे गंजाला आवतण. साधं पाणी एकवेळ वाळून जातं, गोड पेयाची साखर मात्र मागे राहते. ते उघडून साफ करावंच लागतं.

आता त्या निम्म्या किमतीकडे येऊ. सर्व्हिस सेंटर तुम्हाला फसवतंय असं मला वाटत नाही. पातळ लॅपटॉपमध्ये कीबोर्ड स्क्रूने नाही, प्लॅस्टिकच्या वितळवलेल्या डझनावारी ठिपक्यांनी किंवा रिव्हेटांनी वरच्या चौकटीला कायमचा जोडलेला असतो. कंपनी अख्खी चौकट हाच एक सुटा भाग मानते. काही मॉडेल्समध्ये तिला टचपॅड आणि चिकटवलेली बॅटरीही जोडूनच येते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: या किमतीत नेमकं काय-काय नवीन मिळणार? बॅटरी येत असेल तर ते बिल फक्त कीबोर्डचं नाही, आणि तीन वर्षं वापरलेल्या मशीनला नवी बॅटरी ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरी वाट बाहेरच्या कारागिराची. ते ठिपके तोडून नुसता कीबोर्ड काढतात आणि नवा बारीक स्क्रूंनी किंवा वितळवलेल्या प्लॅस्टिकने बसवतात. खर्च बराच कमी. पण काम किचकट आहे आणि तोडलेले ठिपके परत येत नाहीत. पुरेशा ठिकाणी पकड दिली नाही तर कीबोर्ड मधोमध दबतो आणि टंकताना नाचतो. काम परत घेताना मधल्या ‘जी’ आणि ‘एच’वर जोर देऊन पाहा, सगळी बटणं एकेक दाबून तपासा, बटणांखालचा दिवा सगळ्या पातळ्यांवर लागतो का बघा. भाग मागवताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाखाली चार-पाच वेगळे कीबोर्ड असतात. जुन्याच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर जुळवा. एंटर आडवा आहे की उलट्या एलसारखा, आतला दिवा आहे की नाही (त्याची वेगळी छोटी केबल असते), पॉवरचं बटण कीबोर्डमध्येच आहे का, हेही जुळलं पाहिजे.

हा खर्च करावा की नवा घ्यावा? ‘निम्मा खर्च म्हणजे नवा घ्या’ हा हिशेब ऐकायला सोपा, पण तो चुकीच्या गोष्टीला भागतो. खर्चाला मिळणाऱ्या वर्षांनी भागा. निम्म्या किमतीत मशीन आणखी तीन वर्षं चाललं तर वर्षाला किमतीचा सहावा हिस्सा पडला. नवा पूर्ण किमतीचा पाच वर्षं चालला तर वर्षाला पाचवा. दुरुस्ती स्वस्त ठरली! पण तेच मशीन वर्षभरातच कुरकुरणार असेल तर दुरुस्ती अडीचपट महाग. म्हणून कीबोर्ड सोडून बाकीचं मशीन तपासा: बॅटरीची उरलेली क्षमता, मेमरी वाढवता येते का, बिजागऱ्या घट्ट आहेत का, ऑपरेटिंग सिस्टिमला सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार. तुमच्या बाबतीत आणखी एक मुद्दा. पहिला बदललेला कीबोर्ड दोन वर्षांत बिघडला. कारण केबलच असेल तर नवी चौकटही त्याच सॉकेटला जोडली जाणार, आणि सॉकेट सैल असेल तर तुम्ही निम्मी किंमत देऊन तोच त्रास विकत घ्याल. केबल तपासल्याशिवाय त्या अंदाजपत्रकाला होकार देऊ नका.

महागड्या मशीनचं म्हणाल, तर याचं ठसठशीत उत्तर उपलब्ध आहे. ॲपलने २०१५ साली १२ इंची मॅकबुकमध्ये आणि २०१६ मध्ये मॅकबुक प्रोमध्ये फुलपाखरी यंत्रणेचा अतिपातळ कीबोर्ड आणला. धुळीच्या कणानेही बटणं अडकू किंवा दोनदा उमटू लागली. जून २०१८ मध्ये कंपनीला खरेदीपासून चार वर्षांपर्यंत मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, आणि नोव्हेंबर २०१९ च्या १६ इंची मॉडेलपासून ती जुन्या कात्री यंत्रणेकडे परतली. अमेरिकेतला सामूहिक दावा २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरवर मिटवण्याचं ठरलं. नवा घ्यायची वेळ आलीच तर किमतीऐवजी हे बघा: कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल खुलं आहे का, आणि त्यात कीबोर्ड हा स्वतंत्र सुटा भाग म्हणून दिलेला आहे का. लेनोवोच्या थिंकपॅड लॅपटॉपच्या बऱ्याच मॉडेल्सची मॅन्युअलं अशी वाचायला मिळतात (सगळ्याच मॉडेल्समध्ये कीबोर्ड सहज निघतो असं मात्र नाही), आणि फ्रेमवर्क कंपनी तर कीबोर्ड सुटाच विकते. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापावे लागतात. मॉडेल निवडताना तेही उपयोगी पडतात.

तोवर काम थांबायला नको. दिवसभर टंकणाऱ्याने बाहेरचा कीबोर्ड वापरावा हे माझं मत कीबोर्ड धड असतानाही तेच आहे. लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांच्या उंचीला आणि कीबोर्ड टेबलावर: मानेलाही बरं, आणि झिजणारा भाग मशीनपासून सुटा. तो लॅपटॉपच्या कीबोर्डवर मात्र ठेवू नका, खालची बटणं दाबली जातात. वायरचा किंवा यूएसबी डोंगलचा घ्या. डिस्क एन्क्रिप्शनचा (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवण्याचा) पासवर्ड मशीन सुरू होतानाच विचारला जातो, आणि तिथे ब्लूटूथ कीबोर्ड बहुधा चालत नाही. आतली बटणं आपोआप टंकू लागली तर मॅकवर कॅराबिनर-एलिमेंट्स हा प्रोग्राम आतला कीबोर्ड बंद ठेवू शकतो, काही लिनक्सवर एक्सइनपुट ही आज्ञा. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे रिबन काढून ठेवणं, पण पॉवरचं बटण कीबोर्डमध्येच असेल तर मशीन सुरूच होणार नाही, म्हणून आधी ते पाहा.

प्रवासात बाहेरचा नको असेल तर विंडोजवर शार्पकीज या प्रोग्रामने काना एखाद्या न लागणाऱ्या बटणावर हलवता येतो, उजव्या ऑल्टवर म्हणा. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधला कीबोर्ड मॅनेजर वापरायला सोपा आहे, पण तो लॉगिन झाल्यावरच जागा होतो. शार्पकीजचा बदल लॉगिनच्या पडद्यावरही लागू असतो.

आणि तुमच्या पासवर्डमध्ये ‘ई’ किंवा त्या चार बटणांपैकी एखादं असेल तर तो आज, बटणं चालू आहेत तोवर, बदलून टाका. पासवर्ड टंकताना पडद्यावर फक्त ठिपके दिसतात, दोनदा उमटलेला ‘ई’ दिसत नाही.